लिंबाजीनं राखलेला गड

माळेवाडीत एक भोळा माणूस राहायचा. भोळा हा शब्द त्याच्या बायकोचा. गाव दुसरा शब्द वापरायचं, आणि तो लहान मुलांसमोर उच्चारण्यासारखा नव्हता. त्याचं नाव लिंबाजी. वय पस्तीस, अंगानं धडधाकट, आणि मिशी तर अशी की समोरून येणाऱ्यानं रस्ता सोडावा. देवानं सगळा माल मिशीतच घातला होता. वर टाळक्यात घालायला काही उरलं नव्हतं.

लिंबाजी कामाला कधी नाही म्हणायचा नाही. तीच तर खरी अडचण होती.

बायको चांगुणा म्हणाली, "अहो, तेवढी मेथी निवडून ठेवा." लिंबाजीनं जुडीतली एकेक काडी उजेडात धरून पाहिली, सगळ्यांत देखणी एक निवडली आणि ताटात ठेवली. बाकीची जुडी उकिरड्यावर टाकली.

चांगुणा म्हणाली, "आधण आलं की तांदूळ वैरा." आधण आलं. लिंबाजीनं तांदळाचं सूप उचललं आणि म्हशीपुढं वैरण म्हणून रिकामं केलं.

चांगुणा म्हणाली, "मामांना एसटीत बसवून या." लिंबाजी स्टँडवर गेला. जी एसटी उभी होती तीत त्यानं मामांना बसवलं. मामांना जायचं होतं शेजारच्या तालुक्याला. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन सोलापुराहून आला.

त्या फोननंतर चांगुणानं पिशवी भरली.

"मी माहेरी निघाले," ती म्हणाली. "सांगितलेलं एक काम, नुसतं एक, शेवटपर्यंत करून दाखवा. त्या दिवशी परत येते."

"कुठलं काम?" लिंबाजीनं विचारलं.

"कुठलंही!" चांगुणा ओरडली आणि गेली.

लिंबाजी उंबऱ्यावर बसून राहिला. घर खायला उठलं. चार दिवस त्यानं स्वतःच्या हातची भाकरी खाल्ली, आणि मग त्याला बायकोची खरी किंमत कळली.

पाचव्या दिवशी चांगुणाचा भाऊ रंगनाथ आला. रंगनाथची जेवणं पुरवायची गाडी होती. त्या वर्षी तो एका टीव्ही मालिकेला जेवण पुरवत होता. मालिकेचं नाव 'कोवळा दौलोजी'. शूर दौलोजीच्या तरुणपणीच्या मोहिमा तिच्यात दाखवायच्या. दौलोजी नक्की कोण, कुठला, हे माळेवाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. मालिकेवाल्यांनाही फारसं ठाऊक नव्हतं. तो शूर होता आणि सोळा वर्षांचा होता, एवढ्यावर त्यांनी दोन वर्षं मालिका चालवली होती. दोन वर्षं झाली तरी दौलोजी सोळाचाच होता. तो मोठा झाला असता तर मालिका संपली असती.

"दाजी," रंगनाथ म्हणाला, "चला माझ्याबरोबर. तिथं माणसं लागतात. सांगतील तेवढं करायचं. एक महिना नीट काढलात तर ताईला मी स्वतः आणून पोचवतो."

"सांगतील तेवढंच करायचं ना?"

"तेवढंच. एक अक्षर जास्त नाही."

"मग सोपं आहे," लिंबाजी म्हणाला.

माळावर चित्रीकरणाचा गड उभा होता. गडाला फक्त तोंड होतं. समोरून पाहिलं तर बुरूज, तटबंदी, जंग्या सगळं होतं. मागून पाहिलं तर थर्माकोल, खिळे आणि टेकू दिलेले बांबू. दिग्दर्शकाचं नाव कुंटे. उन्हात तापून सगळ्यांच्या डिंकानं चिकटवलेल्या मिशा गळत होत्या. कुंटेसाहेब वैतागून ओरडत होते. तेवढ्यात त्यांना लिंबाजी दिसला. ते जवळ आले, त्यांनी मिशीचं टोक धरलं आणि ओढलं. लिंबाजी बोंबलला. मिशी जागची हलली नाही.

"खरी आहे!" कुंटेसाहेब म्हणाले. "घ्या याला. पुढच्या रांगेत घ्या."

नाव कुणी विचारलं नाही. त्या दिवसापासून लिंबाजीला सगळे मिशी म्हणायला लागले.

पहिल्या दिवशी लढाई होती. कुंटेसाहेब म्हणाले, "ए मिशी, तू मेलास. इथं पडायचं. मी कट म्हणेपर्यंत हलायचं नाही."

लिंबाजी मेला. फार छान मेला. लढाई झाली, साहेबांच्या मदतनीस बाईंनी "कट!" म्हटलं, आणि सगळी मढी उठून चहाला गेली. लिंबाजी पडून राहिला. जेवणं झाली. तो पडून राहिला. नाकावर मुंगळा चढला, मिशीतून फिरून उतरला. तो पडून राहिला. संध्याकाळी सामान भरताना दोघं जण त्याला पुतळा समजून टेम्पोत चढवायला लागले, तेव्हा रंगनाथनं पाहिलं.

"दाजी! अहो उठा की!"

लिंबाजी ओठ न हलवता म्हणाला, "साहेब म्हणाले, मी कट म्हणेपर्यंत. साहेबांनी नाही म्हटलं. बाईंनी म्हटलं."

रंगनाथनं कपाळावर हात मारून घेतला. "दाजी, एवढं कळत नाही? चारचौघं करतात तसं करायचं. सगळे उठले की उठायचं. सगळे पळाले की पळायचं."

"हे आधी सांगायचंस," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लढाई. दौलोजीच्या बाजूला सहा माणसं, शत्रूच्या बाजूला चाळीस. सहांनी गर्जना करायची आणि चाळीसांनी पळायचं. इतिहास असाच असतो, असं मालिका लिहिणाऱ्याचं मत होतं. निशाण खऱ्या मिशीच्या हातात दिलं होतं.

गर्जना झाली. चाळीस जण पळाले. लिंबाजीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. उभे होते पाच, पळत होते चाळीस. चारचौघं कोण हे उघडच होतं. त्यानं निशाण खांद्यावर टाकलं आणि शत्रूबरोबर धूम ठोकली. त्याच्या मांड्या भक्कम होत्या, त्यामुळं थोड्याच वेळात तो शत्रूच्याही पुढं गेला. दौलोजीची लढाई जिंकलेली, आणि त्याचंच निशाण शत्रूला घेऊन टेकडीपलीकडं चाललेलं, असं चित्र टिपलं गेलं.

कुंटेसाहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. "अरे गाढवा! दौलोजीचा मावळा पळतो का? पाठ दाखवतो का? कान उघडून ऐक. काही झालं, आभाळ कोसळलं, तरी पाठ दाखवायची नाही!"

"नाही दाखवणार," लिंबाजी म्हणाला, आणि तिथून तो उलटा चालत गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कपडेवाला त्याच्या चिलखताच्या नाड्या बांधायला मागं गेला. लिंबाजी वळला. कपडेवाला पुन्हा मागं गेला. लिंबाजी पुन्हा वळला. अशा दोघांच्या सात-आठ फुगड्या झाल्या. शेवटी कपडेवाल्यानं चिलखत उलटं घातलं आणि नाड्या पोटावर बांधल्या.

त्या दिवशीचं दृश्य असं, की सैन्य मोहिमेवर निघालंय आणि डोंगराकडं दूर दूर जातंय. कॅमेरा मागं. सगळ्यांच्या पाठी दिसल्या पाहिजेत. सैन्य निघालं. एकोणपन्नास पाठी आणि मधोमध एक मिशी. लिंबाजी कॅमेऱ्याकडं तोंड करून, छाती काढून, उलटा मोहिमेवर चालला होता. वाट उतरणीची होती. उतरणीच्या खाली रंगनाथचा तंबू होता. तंबूत आमटीचं पातेलं होतं.

नशीब, आमटी निवलेली होती. दोनशे माणसांनी त्या दिवशी कोरडा भात खाल्ला. लिंबाजीबद्दल जे बोललं गेलं ते इथं लिहिता येणार नाही.

"मिशी, उद्या हेच दृश्य पुन्हा," कुंटेसाहेब दात खाऊन म्हणाले. "आणि उद्या तुझी पाठ मला दिसली पाहिजे. काल जसं होतं तसंच आज पाहिजे, हा या धंद्यातला पहिला नियम. त्याला कंटिन्युटी म्हणतात. जोडे, पागोटं, एक केस इकडचा तिकडं नको. तुला काही शंका आली तर एवढंच आठव: काल होतं तसं."

लिंबाजीला हा नियम फार आवडला. त्यात विचार करायला लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आमटीच्याच कपड्यांत आला. पाठ मात्र दाखवली. पाठीवर शेवग्याच्या शेंगेचं साल चिकटलेलं होतं, पण तोवर कुंटेसाहेब थकले होते. त्यांनी दृश्य पास केलं.

दुपारी दौलोजीचा सोळावा वाढदिवस होता. मालिकेतला तिसरा सोळावा वाढदिवस. दौलोजीचं काम अधिराज नावाचा नट करायचा. त्याचं खरं वय त्याच्या आईला माहीत होतं आणि केस रंगवणाऱ्याला. मालिकेत त्याची आई झालेली नटी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होती. ती ताम्हनात निरांजन घेऊन उभी राहिली. अधिराज पांढराशुभ्र अंगरखा घालून पाटावर बसला. बसताना "आई गं" म्हणाला, ते संवादात नव्हतं. त्याची कंबर धरलेली होती.

लिंबाजीला चवरी ढाळायला मागं उभं केलं होतं. त्यानं अधिराजकडं पाहिलं. काल मोहिमेवर निघालेला दौलोजी चिखलानं माखलेला होता. आज कोरा! एवढी मोठी चूक, आणि कुणाच्या लक्षात नाही! लिंबाजीनं चवरी ठेवली, बाहेरून बादलीभर चिखल आणला आणि ओवाळायला आईचा हात वर जाणार एवढ्यात अधिराजच्या डोक्यावर ओतला. मग दोन पावलं मागं जाऊन पाहिलं आणि उजव्या गालावर थोडा जास्त लावला.

"काल होतं तसं," तो म्हणाला.

अधिराज उठून गाडीत जाऊन बसला आणि म्हणाला, एक तर ही मिशी राहील नाहीतर मी. त्याला परत आणायला दोन तास आणि एक शहाळं लागलं.

कुंटेसाहेबांचा आवाज बसला होता. ते जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले, "अरे माणसा, काल मोहीम होती, आज वाढदिवस आहे! देवानं डोळे दिलेत ना? समोर कोण आहे, काय आहे, ते बघ की! याच्यापुढं डोळ्यांना दिसेल तेच खरं धरायचं. बाकी मी काय बोललो ते सगळं विसर."

"दिसेल तेच खरं," लिंबाजीनं मनात घोकलं.

त्या दिवशी त्याला घालवणारच होते. रंगनाथ हात जोडून म्हणाला, "साहेब, माझ्या बहिणीच्या संसाराचा प्रश्न आहे. तेवढा महिना भरू द्या." कुंटेसाहेबांनी लिंबाजीला अधिराजची कंबर चोळायला आणि केसांच्या रंगाची वाटी धरायला ठेवलं. चिखलाचा राग होता, पण मलम चोळायला तसा भक्कम हात दुसरा नव्हता, म्हणून अधिराजही गप्प बसला. तिथं काही बिघडवण्यासारखं नव्हतं. दिवस सरत आले.

आणि मग वाहिनीच्या लोकांच्या डोक्यात कल्पना आली. दौलोजीनं घेतलेला पहिला गड लोकांना थेट दाखवायचा. माळावर घडेल ते त्याच क्षणी घरोघरी दिसणार. मध्ये थांबणं नाही, पुन्हा करणं नाही. असल्या कल्पना दुपारी झोपून उठल्यावर सुचतात.

गोष्ट अशी होती. गडाचा द्वारपाल मनातून दौलोजीला मिळालेला असतो. शत्रूचा सरदार येऊन दार ठोठावतो, त्याला तो उघडत नाही. मग दौलोजी घोड्यावरून येतो. द्वारपाल विचारतो, "कोण आहे?" दौलोजी म्हणतो, "मी दौलोजी!" दार उघडतं, सैन्य आत घुसतं, निशाण लागतं, मालिका आणखी एक वर्ष चालते.

द्वारपालाचा चेहरा दाराच्या फटीतून अगदी जवळून दिसणार होता. थेट दाखवताना मिशी गळली असती तर वाहिनीची अब्रू गेली असती. न गळणारी मिशी एकच होती.

कुंटेसाहेबांनी लिंबाजीला समोर बसवलं आणि लहान पोराला समजवावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "दार आतून लावायचं. दौलोजी सोडून कुणालाही उघडायचं नाही. कुणालाही! प्रत्यक्ष मी आलो तरी. दौलोजी आला की उघडायचं. आणि तुझ्याशिवाय आत कुणी दिसता कामा नये. कळलं?"

"कळलं," लिंबाजी म्हणाला. आणि खरोखरच त्याला कळलं होतं.

रंगनाथनं माहेराहून चांगुणाला बोलावून घेतलं. "ताई, आज शेवटचं काम. डोळ्यांनी बघ, आणि संध्याकाळी जोडीनं घरी जा." चांगुणा पिशवी भरूनच आली. जेवणाच्या तंबूशी उभी राहिली. एवढ्या दिवसांत तिलाही करमलं नव्हतं, पण ते ती भावाला सांगणार नव्हती.

चार वाजता थेट प्रक्षेपण सुरू झालं. तुताऱ्या वाजल्या. शत्रूचा सरदार आला, त्यानं दार ठोठावलं. लिंबाजीनं उघडलं नाही. चांगुणाचा चेहरा फुलला. "शिकले गं बाई," ती म्हणाली.

मग घोड्यावरून अधिराज आला. मागं सैन्य. गडाचं दार तेवढं खरं होतं, जुनं सागवानी, लोखंडी अडसराचं. बाकी गड थर्माकोलचा. अधिराजनं तलवारीची मूठ दारावर आपटली.

"कोण आहे?" आतून लिंबाजी म्हणाला. आवाज खणखणीत आला.

"मी दौलोजी!"

फट उघडली. मिशी दिसली. मिशीवरचे दोन डोळे अधिराजला न्याहाळू लागले. बराच वेळ न्याहाळत राहिले.

"नाही," लिंबाजी म्हणाला. "तुम्ही अधिराजसाहेब."

घोडा तेवढा फुरफुरला.

"द्वारपाला!" अधिराज दात दाखवत हसला. "ओळखलं नाहीस? मी तुझा दौलोजी!"

"ओळखलं की. सकाळी कंबरेला मलम मीच चोळलं."

"ते... लढाईतली जखम होती!"

"गाडीतून उतरताना लचकली. मी दार धरून उभा होतो. शिवाय दौलोजी सोळा वर्षांचा आहे."

"मीही सोळाच वर्षांचा आहे!"

लिंबाजीनं पुन्हा नीट पाहिलं. "केसांच्या रंगाची वाटी मी धरतो साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, पण माइक त्याच्या छातीवरच लावलेला होता.

"दुःखानं माणूस लवकर थकतो, द्वारपाला!" अधिराजनं शेवटचा प्रयत्न केला.

"सोळाव्या वर्षी एवढा?"

"जाहिराती लावा!" कुंटेसाहेब किंचाळले. साबण आला, चहा आला, बनियन आलं. जाहिराती संपल्या. दार बंदच होतं. पुन्हा साबण आला.

कुंटेसाहेब वळसा घालून गडाच्या मागं धावले. "मिशी, दार उघड! तो दौलोजीच आहे!"

लिंबाजीनं भाला आडवा धरला. "साहेब, तुम्हीच म्हणालात, प्रत्यक्ष मी आलो तरी नाही. आणि आत कुणी दिसता कामा नये. चला, बाहेर व्हा."

भाला लाकडाचा असला तरी टोचत होता. कुंटेसाहेब बाहेर आले. थर्माकोलचा तट एका लाथेनं पडला असता. पण दौलोजीनं गड लाथ मारून पाडला, आणि मागं बांबू निघाले, हे घरोघरी दाखवायची कुणाची छाती नव्हती. जाहिरातींचा साठा संपत आला. कुंटेसाहेब रंगनाथकडं आले आणि दोनशे माणसांदेखत त्याच्यापुढं हात जोडून म्हणाले, "तुझ्या दाजींना आवर."

"ते फक्त ताईचं ऐकतात," रंगनाथ म्हणाला.

चांगुणानं पदर खोचला. पिशवी उचलली आणि गडाला वळसा घालून मागं गेली. लिंबाजी अडसराला खांदा लावून उभा होता. बायकोला पाहून त्याचे डोळे भरून आले.

"चांगुणे! आलीस?"

"आले." ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. "झालं तेवढं पुरे. पाचची एसटी आहे. दार उघडा आणि चला घरी."

"दौलोजी आला नाही अजून."

"मसणात गेला दौलोजी! मी न्यायला आलेय तुम्हाला!"

"ते खरं गं. पण तूच म्हणालीस, सांगितलेलं एक काम शेवटपर्यंत करा. हे बघ, करतोय." लिंबाजीची मिशी अभिमानानं थरथरली. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. "पण तू आत कशी? आत कुणी दिसता कामा नये. उगाच माझं काम बिघडेल."

मोठ्या दारात एक छोटी दिंडी होती, माणूस वाकून जाईल एवढी. लिंबाजीनं बायकोचा दंड धरला. फार प्रेमानं धरला.

बाहेर शेवटची जाहिरात संपली होती. घरोघरी लोक डोळे लावून बसले होते. अधिराज घोड्यावर, सैन्य मागं, तुताऱ्या तोंडाला. तेवढ्यात अडसर करकरला. दिंडी उघडली. "हर हर महादेव!" सैन्य ओरडलं.

दिंडीतून वाकून चांगुणा बाहेर आली. दिंडी बंद झाली.

शंभर कॅमेऱ्यांपुढं उभं केल्यासारखी ती तिथं उभी राहिली. इकडं दौलोजी, तिकडं दार. तिनं पदर सावरला, वळली आणि दारावर थाप मारली.

"अहो! माझी पिशवी आत राहिली!"

आतून खणखणीत आवाज आला, "कोण आहे?"

चांगुणानं दारावरचा हात काढून घेतला.

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि सैन्यामधून वाट काढत पाचची एसटी धरायला गेली, माहेरची.

"मग बरं," आतून लिंबाजी म्हणाला, आणि त्यानं अडसर आणखी घट्ट केला.